सहा बैठका, 700 रुपये आणि राज्याचं बजेट: इंदूरच्या लोकमान्य नगरातला वर्ग मला कसा वाटला

2024 च्या फेब्रुवारीत मी एका सरकारी वसतिगृहाला 160 चादरी आणि तितकेच उशांचे अभ्रे शिवून दिले. बिल 67,200 रुपयांचं. माल मोजून घेतला गेला, पावतीवर सही-शिक्का मिळाला, आणि पैसे आले सप्टेंबरात. मधले सात महिने मी त्या कार्यालयाचे जिने चढत होते. "आवंटन नाही", "वरून आलेलं नाही", "पोर्टल बंद झालं", "नवीन बजेट येऊ द्या ताई", ही चार उत्तरं आलटून पालटून ऐकली. पोलोग्राउंडजवळ माझं सहा मशिनचं युनिट आहे. तिथल्या चार बायकांचे पगार मी त्या काळात दोन बांगड्या गहाण ठेवून भागवले. कोणी लाच मागितली नाही, कोणी उद्धटही बोललं नाही. पैसे नेमके कुठे अडलेत हे सांगणारा माणूस मात्र कोणत्याही टेबलावर भेटला नाही.

म्हणून 2025 च्या जानेवारीत शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ट्रेझरीतून, म्हणजे सरकारी कोषागारातून, रिटायर झालेले एक काका बजेट वाचायला शिकवतात," तेव्हा मी त्याच संध्याकाळी नाव दिलं. सहा बैठका, प्रत्येकी दोन तास, फी 700 रुपये, झेरॉक्सच्या गठ्ठ्यासकट. लोकमान्य नगरातल्या एका जुन्या घराची वरची खोली, सतरंजी, आठ-दहा खुर्च्या, एक फळा. आम्ही चौदा जण होतो. भंवरकुआँला एमपीपीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणारी तीन मुलं, एक निवृत्त मुख्याध्यापक पती-पत्नी, सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या दोन मुली, एक रस्त्याचे ठेकेदार, बाकी माझ्यासारखे आपापल्या कामाचा गुंता घेऊन आलेले.

पहिल्या दिवशी काकांनी बारा महिन्यांचा कोरा तक्ता सगळ्यांना दिला आणि विचारलं, बजेट कधी बनतं? आम्ही सगळ्यांनी फेब्रुवारी-मार्चवर फुली मारली. काकांनी फळ्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरपासून रेघ ओढायला सुरुवात केली. वित्त विभागाचं परिपत्रक साधारण तेव्हा निघतं. त्यावर खालची कार्यालयं आपापला अंदाज करून वर पाठवतात: पगाराला किती, विजेला किती, चालू योजनांना किती, आणि नवीन काही हवं असेल तर ते वेगळं. जिल्ह्याचं कार्यालय संचालनालयाला देतं, संचालनालय विभागाला, विभाग भोपाळला वल्लभ भवनात, म्हणजे मंत्रालयात, वित्त विभागासमोर बसतो. डिसेंबर-जानेवारीत एकेका विभागाची चर्चा होते आणि काटछाट तिथेच होते. मग 1 फेब्रुवारीला केंद्राचं बजेट येतं, कारण केंद्रीय करांतला आपला वाटा कळल्याशिवाय राज्याची जमेची बाजू पक्की होत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांसाठी ठेवलेल्या 41 टक्क्यांतले 7.85 टक्के तेव्हा मध्य प्रदेशचे होते. 2025-26 साठी ते सुमारे 1.11 लाख कोटी रुपये होत होते. एवढी मोठी रक्कम दिल्लीहून यायची आहे म्हटल्यावर भोपाळ फेब्रुवारीपर्यंत का थांबतं ते आपोआप समजलं. त्यानंतर मंत्रिमंडळाची मंजुरी, राज्यपालांची शिफारस आणि मग विधानसभा.

त्या तक्त्याकडे बघत काका म्हणाले, "वसतिगृहाच्या चादरी फेब्रुवारीत मागू नका ताई. त्या वॉर्डनने ऑक्टोबरात मागायच्या असतात." माझं बिल त्यांना तोवर माहीतही नव्हतं. उदाहरण म्हणून सहज बोलले, आणि मी वही मिटून दोन मिनिटं तशीच बसून राहिले.

या वर्गाचं खरं मोल दुसऱ्या बैठकीत आहे. काकांनी 2024-25 च्या अनुदान मागणीच्या, म्हणजे विभागाने विधानसभेकडे खर्चासाठी मागितलेल्या रकमेच्या, एका पानाची झेरॉक्स दिली आणि एका ओळीवर पट्टी ठेवायला सांगितली: 2225-02-277. बाकीचं पान झाका, म्हणाले. पहिला आकडा 2. म्हणजे महसुली खर्च, रोजचं चालवायचं. तिथे 4 असता तर भांडवली, म्हणजे इमारत, पूल, यंत्रसामग्री. 0 आणि 1 ने सुरू होणारे जमेचे, 2 आणि 3 महसुली खर्चाचे, 4 आणि 5 भांडवली, 6 आणि 7 कर्जाचे. मग पूर्ण चार आकडे: 2225 म्हणजे अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गांचं कल्याण. 02 म्हणजे त्यातल्या जमाती. 277 म्हणजे शिक्षण. त्याखाली योजनेचं नाव, आणि त्याच्याही खाली पैसा नेमका कशावर जाणार ते: पगार, कार्यालयीन खर्च, शिष्यवृत्ती, सामग्री. मी सामग्रीवर बोट ठेवलं. माझ्या चादरी तिथे होत्या. लाखो कोटींच्या पुस्तकात आपण शिवलेल्या कापडाची ओळ सापडते, यावर मी विश्वास ठेवला नसता.

मग आम्हाला कोडं सोडवल्यासारखे क्रमांक पाठ करायला लावले. 2202 सामान्य शिक्षण, 2210 वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य, 5054 रस्ते-पुलांचा भांडवली खर्च, 2049 व्याज, 2071 निवृत्तिवेतन. ठेकेदार साहेब 5054 ऐकून हसले, त्यांना तो तोंडपाठ होता. वरच्या पातळीचे हे क्रमांक सगळ्या राज्यांत सारखेच असतात, कारण हिशेबाचा नमुना महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, सल्ल्याने राष्ट्रपती ठरवतात, राज्यघटनेच्या 150 व्या कलमात ते आहे. मी घरी येऊन वडोदऱ्याच्या नणंदेला फोन लावला आणि गुजरातच्या बजेटात 2210 शोधायला सांगितलं. तिला पाच मिनिटांत मिळालं. ती गुजराती वाचते, मी हिंदी, आणि आमचं बोलणं मराठीत चाललेलं, पण ओळ दोघींसमोर एकच.

त्याच पानावर चार रकाने असतात आणि ते कसे वाचायचे यावर काकांनी पाऊण तास घालवला. गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षी किती मंजूर होते, चालू वर्षाचा सुधारित अंदाज काय, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज काय. वर्तमानपत्रात फक्त चौथा रकाना छापून येतो. काका म्हणतात, आधी पहिला बघा. एखाद्या योजनेला दरवर्षी चौथ्या रकान्यात भरघोस रक्कम आणि पहिल्या रकान्यात त्याच्या निम्मीसुद्धा नसेल, तर ती योजना कागदावर वाढते आहे. आणखी एक गोष्ट मला नवीन होती: सुधारित अंदाज वाढवून लिहिला म्हणून खर्चाची परवानगी मिळत नाही. जास्त लागणार असतील तर पूरक मागणी घेऊन पुन्हा विधानसभेपुढे जावं लागतं, कलम 205. आपल्याकडे हिंदी पेपरात ज्याला 'अनुपूरक बजट' म्हणतात ते हेच.

विधानसभेची बैठक एमपीपीएससीच्या मुलांना सगळ्यात जास्त आवडली, मला मध्यम. घटनेत 'बजेट' हा शब्दच नाही, 202 व्या कलमात 'वार्षिक वित्तीय विवरण' आहे. काही खर्च 'भारित' असतो, त्यावर मतदान होत नाही: राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, कर्जाचं व्याज, कोर्टाच्या हुकूमनाम्याची रक्कम. बाकी सगळं मागण्यांच्या रूपाने मतदानाला येतं. आमदार मागणी कमी करू शकतात किंवा नाकारू शकतात, वाढवू शकत नाहीत. मागण्या मंजूर झाल्या तरी तिजोरी उघडत नाही. त्यानंतर विनियोजन विधेयक पास व्हावं लागतं, कलम 204, तेव्हा कुठे पैसा काढता येतो. आणि वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकल्या जातात, त्याला गिलोटिन म्हणतात. हे ऐकून मुख्याध्यापिका बाईंना मनापासून वाईट वाटलं. शिक्षणाच्या मागणीवर बोलायलाही कधी कधी वेळ उरत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही वाटतं, दोनशे तीस आमदार निवडून देतो ते मुख्यतः याच कामासाठी, आणि याच कामाला दिवस कमी पडतात.

पाचवी बैठक ट्रेझरीची. काकांचं आयुष्य तिथे गेलंय आणि ते कळतं. फळ्यावर त्यांनी पाणी कसं वाहतं ते काढलं: विनियोजन कायदा झाला की वित्त विभाग रक्कम विभागांच्या बजेट नियंत्रण अधिकाऱ्यांकडे देतो, ते पुढे आहरण-संवितरण अधिकाऱ्यांना, म्हणजे कार्यालयासाठी पैसे काढणाऱ्या आणि वाटणाऱ्या डीडीओंना, वाटून देतात. हेच ते आवंटन. डीडीओ बिल ऑनलाइन ट्रेझरीला पाठवतो. ट्रेझरी बघते: हेड, म्हणजे खर्चाच्या ओळीचा क्रमांक, बरोबर आहे का, त्या हेडखाली शिल्लक आहे का, सही अधिकृत आहे का. शिल्लक नसेल तर बिल कितीही खरं असो, परत. वर्षभराची रक्कम एकदम मोकळी नसते, तिमाहीप्रमाणे मर्यादा असतात. त्यामुळे विधानसभेने मंजूर केलं, विभागाला मिळालं, जिल्ह्यात आलं, आणि तुमच्या कार्यालयाच्या त्या एका हेडखाली शून्य, असं होऊ शकतं.

इथे मी माझी कागदपत्रं काढली. काकांनी चष्मा बदलला आणि तारखा वाचल्या. ऑर्डर दिली तेव्हा सामग्रीच्या हेडखाली फार थोडी शिल्लक असणार, ती मार्चच्या सुरुवातीलाच दुसऱ्या बिलात गेली असणार. कार्यालयाने दुसऱ्या हेडातली बचत इकडे वळवायला मागितली असेल, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. ते एका मागणीच्या आतच करता येतं, एका मागणीतून दुसरीत नाही, महसुलीतून भांडवलीत नाही. ते आदेश यायला उशीर झाला. त्या वर्षी 31 मार्च रविवारी आला होता, सरकारी व्यवहारापुरत्या बँका उघड्या होत्या, पण रात्री वर्ष संपलं ते संपलंच. "ताई, घरात पैसे उरले तर डब्यात राहतात. सरकारात उरले तर 31 मार्चला परवानगीच मरते. पैसा तिजोरीत असतो, पण त्याला हात लावायचा हक्क कोणालाच उरत नाही."

मग 1 एप्रिलला नवीन वर्षातून का नाही दिले? याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. 2024 मध्ये लोकसभा निवडणूक होती, म्हणून फेब्रुवारीत पूर्ण बजेट न मांडता चार महिन्यांचं लेखानुदान, म्हणजे तेवढ्यापुरती खर्चाची मंजुरी, घेतलं होतं, सुमारे 1.45 लाख कोटींचं. पूर्ण बजेट 3 जुलैला आलं. चार महिन्यांच्या पैशात कार्यालयं आधी पगार, वीज, शिष्यवृत्ती, मुलांचं जेवण बघतात. गेल्या वर्षीचं देणं शेवटी. जुलैत बजेट मांडलं, मंजूर झालं, पैसे वाटले गेले, आणि सप्टेंबरात माझ्या खात्यात 67,200 आले. सात महिन्यांत ऐकलेली चारही उत्तरं खरी होती. फक्त ती कोणी मला या क्रमाने लावून दिली नव्हती. मला रडू आलं, आणि खोलीत कोणीही काही बोललं नाही. काकूंनी पाणी आणून दिलं.

12 मार्च 2025 ला, दुसऱ्या दिवशी होळी पेटायची होती, तेव्हा काकांनी जादा बैठक ठेवली. फी नाही. सगळ्यांनी मिळून वित्तमंत्री जगदीश देवडांचं बजेट भाषण टीव्हीवर ऐकलं. 4,21,032 कोटींचं बजेट, नवीन कर नाही, आदल्या वर्षीच्या 3,65,067 कोटींपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी मोठं. महिलांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेसाठी 18,669 कोटी. उज्जैनच्या 2028 च्या सिंहस्थासाठी सुमारे 2,000 कोटी, यावर आपल्याकडच्या लोकांचे कान टवकारले, कारण त्याचे रस्ते इंदूरवरून जातात. काकांनी भाषण चालू असताना एकच काम दिलं होतं: प्रत्येक घोषणेपुढे लिहा, 'रक्कम सांगितली' की 'नाही सांगितली'. माझ्या वहीत दुसरा रकाना बराच भरला. रक्कम सांगितली नाही म्हणजे खोटं असं नाही, पुस्तकात शोधायचं, कधी कधी हेड उघडं राहावं म्हणून नाममात्र टोकन तरतूद असते, असं त्यांनी समजावलं. पक्षांवर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. दोघं जण वाद घालायला लागले तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटची बैठक हिशेबाची. ट्रेझऱ्यांचे महिन्याचे हिशेब ग्वाल्हेरला महालेखाकारांकडे जातात. आपण सगळं भोपाळला आहे असं धरून चालतो, पण राज्याच्या खर्चाची शेवटची बेरीज ग्वाल्हेरात होते. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर तो तिथे उघडा पडतो, कॅगच्या अहवालात येतो, आणि विधानसभेच्या लोकलेखा समितीपुढे जाऊन पुन्हा विधानसभेकडून नियमित करून घ्यावा लागतो. ही बैठक चांगली झाली, पण घाईत.

आता जे खटकलं ते. जमेच्या बाजूला फक्त अर्धी बैठक मिळाली. उत्पादन शुल्क 0039, मुद्रांक-नोंदणी 0030, वाहन कर 0041, एवढं सांगून काका पुढे गेले. जीएसटी आल्यावर राज्याच्या हातात स्वतःचे कर कोणते उरले, कर्ज काढायला केंद्राची संमती का लागते, हे प्रश्न सीएच्या मुलींनी विचारले तेव्हा उत्तरं नीट मिळाली, पण धावत. सात बैठका करून 800 रुपये घेतले तरी कोणी नाही म्हणणार नाही. दुसरं, शब्दांचा घोळ. पुस्तकं हिंदीत, काका बोलतात मराठीत, आणि ट्रेझरीचे शब्द इंग्रजी. 'समर्पण' म्हणजे सरेंडर, न लागलेली रक्कम परत करणं, 'मांग संख्या' म्हणजे मागणी क्रमांक, हे पहिल्या दिवशी एका कागदावर मिळालं असतं तर दोन बैठका सोप्या गेल्या असत्या. तिसरं, झेरॉक्स फार बारीक. मुख्याध्यापक सरांना भिंग आणावं लागलं. आणि जिना उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगावं, खालच्या पडवीत बसायची सोय करतात.

शिकवण्याबद्दल मात्र तक्रारीला जागाच नाही. आठ वर्षं मी सरकारी कार्यालयांना माल देते आहे. एका संध्याकाळी एका माणसाने मला माझ्याच व्यवसायाची अर्धी बाजू दाखवली. काका प्रश्नाला कधी "ते तुमच्या कामाचं नाही" म्हणत नाहीत. उत्तर माहीत नसेल तर पुढच्या वेळी पुस्तकातलं पान घेऊन येतात, त्यावर पेन्सिलीने खूण केलेली असते.

ऑगस्टमध्ये मला दुसऱ्या एका वसतिगृहाकडून 90 गाद्यांच्या खोळींची ऑर्डर आली. मी लेखापालांना विचारलं, "भाऊ, हेड कोणतं, आवंटन आलंय का, आणि त्यात आज शिल्लक किती?" त्यांनी क्षणभर बघितलं, मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि ऑर्डरवर हेडचा क्रमांक स्वतःच्या हाताने लिहून दिला. पैसे 19 दिवसांत आले. बांगड्या त्याच आठवड्यात सोडवल्या. आणि ऑक्टोबरात मी त्या वॉर्डन बाईंना पुढच्या वर्षीच्या चादरींचा अंदाज लेखी करून दिला, म्हणजे त्यांना वर पाठवता येईल.

नवीन तुकड्या वर्षात दोनदाच असतात, दिवाळीनंतर एक आणि संक्रांतीनंतर एक. संक्रांतीनंतरची घ्या, म्हणजे भाषणाच्या दिवशीची जादा बैठक मिळते. पंधराच्या वर लोक घेत नाहीत. सोबत पट्टी आणि पेन्सिल आणा, आणि तुमचं एखादं अडलेलं बिल, अर्ज किंवा मंजुरीपत्र असेल तर तेही आणा. काका बरोबर सहाला सुरू करतात.